लेकीचा पसंतीक्रम

आमच्या घरात कुठलाही फॉर्म भरायचा असला की तो माझ्यापुढं येतो. रेशनकार्डात नाव वाढवणं, गॅसची केवायसी, दिराच्या मुलाची जात पडताळणी, सगळं. कारण मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण. चोवीस वर्षांत मी मुलांना जेवढं शिकवलं असेल त्याच्या दुप्पट फॉर्म भरले असतील, आणि माझं अक्षर गोल आहे. गोल अक्षराच्या माणसाला अक्कल असते असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. तो मी कधी मोडला नाही.

मोडायला खरं तर माझी बदलीच पुरेशी होती. ऑनलाइन बदल्या सुरू झाल्या तेव्हा शाळांची नावं पसंतीच्या क्रमानं भरायची होती. मी डोकं चालवलं. पैठणच्या पलीकडं एक गाव होतं, तिथं जायला कुणी तयार नसायचं. ते मी पहिल्या नंबरावर टाकलं आणि शहराजवळच्या शाळा खाली. माझा हिशोब असा, की वर बसलेला साहेब म्हणेल, बाई किती तयारीची आहे, हिला जवळचं देऊन टाका. पण पोर्टलात साहेब बसलेला नसतो. पहिलं नाव रिकामं होतं, पहिलं दिलं. आठ वर्षं मी पहाटेच्या एसटीनं त्या गावी गेले. अजूनही घरात मी काही शहाणपणा करायला लागले की हे म्हणतात, "जायचंय का परत पैठणच्या पुढं?"

तर अशा बाईच्या हातात लेकीनं स्वतःचा फॉर्म दिला.

लेक आमची एमबीबीएस झाली तेव्हा विहारात तिचा सत्कार झाला. वस्तीतली पहिली डॉक्टर. शाल झाली, फुलं झाली, आणि समितीतल्या एका काकांनी सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "मग बाळा, दवाखाना कुठं टाकणार?"

"अजून शिकायचंय काका."

"शिकून काय व्हायचं मग?"

"डॉक्टरच. पण संशोधन करणारी. पेशंट पण बघायचे, आणि जे कळत नाही ते शोधायचं पण."

काकांनी जरा विचार केला. "म्हंजी अर्धी डॉक्टर?"

सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, पोरगी आहे, एखादं वर्ष म्हणेल आणि विसरेल.

हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते मला माहीत होतं. माझ्याच स्वयंपाकघरातून आलं होतं. शेवटच्या वर्षाला असताना वॉर्डात एक बाई होत्या, खेड्यातल्या, साखरेचा आजार. इन्सुलिन वाढवत नेलं तरी साखर उतरेना. सगळे म्हणायचे, बाई गोड खात असेल, खोटं बोलत असेल. लेकीच्या एक मॅडम होत्या, त्यांनी हिला एवढंच विचारलं, "तू त्यांची बाटली बघितलीस का?" हिनं बघितली. घरी फ्रिज नाही, म्हणून बाई इन्सुलिनची बाटली पिशवीत बांधून माठात ठेवायच्या. माठ उन्हाळ्यात अर्धा दिवस कोरडा, कारण पाणीच नसायचं. इन्सुलिन उकाड्यानं गेलेलं होतं. बाई खरं बोलत होत्या.

मग त्या उन्हाळ्यात आमच्या ओट्यावर दोन माठ आले. एक भरलेला, एक अर्धा. दोन्हींत थर्मामीटर, तिसरा फळीवर. दर दोन तासांनी आकडा लिहायचा. ती हॉस्पिटलला गेली की ते काम माझ्याकडं. हे एकदा ड्युटीवरून आले आणि सवयीनं भरल्या माठातून तांब्याभर पाणी प्यायले. त्या दिवशी बाप-लेकीत जे झालं ते मी इथं लिहीत नाही.

माझंही फार वेगळं झालं नाही. एका आठवड्यात शाळेची तपासणी होती, मला आकडे घ्यायला जमलं नाही. मी रविवारी बसून सगळे एकदम लिहून टाकले. सकाळी थोडे कमी, दुपारी जास्त, संध्याकाळी परत कमी. गोल अक्षरात. शाळेची रजिस्टरं मी अशीच पूर्ण करते आणि आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. लेकीनं वही बघितली आणि दोन मिनिटांत विचारलं, "मम्मी, बुधवारी अवकाळी आला होता. तुझ्या वहीत बुधवार मंगळवारपेक्षा गरम कसा काय?"

मी म्हटलं, "अंदाजे लिहिलंय गं, असा कितीसा फरक पडणार?"

तिनं तो सगळा आठवडा वहीतून फाडला. ओरडली नाही. म्हणाली, "अंदाजे लिहिलेला आकडा नसतोच मम्मी. रिकामं ठेवायचं." मला चाळीस पोरांच्या वर्गात कधी वाटली नाही एवढी शरम वाटली. आणि त्याच दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं, की ही एखाद्या वर्षात विसरणारी नाही.

पुढं कसं जायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर व्हायचा रस्ता अख्ख्या शहराला पाठ आहे, चहावालासुद्धा सांगतो. डॉक्टर होऊन संशोधक व्हायचा रस्ता सांगणारं आमच्या ओळखीत कुणी नाही. म्हणून ती त्या मॅडमकडं गेली आणि मला बरोबर नेलं. मॅडमच्या खोलीत टेबलावर कागद, खुर्च्यांवर कागद. मी उभीच राहिले.

मॅडम म्हणाल्या, "हे बघ, आत्ता थेट पीएचडीला गेलीस तर पाच वर्षं पेशंटला हात लागणार नाही. आधी एमडी केलंस तर तीन वर्षं वॉर्डातून मान वर निघणार नाही, पीएचडी त्याच्या पुढं. दोन्ही एकत्र देणाऱ्या जागा देशात बोटावर मोजण्याएवढ्या. तिकडं परीक्षा दे, पण भरवशावर राहू नको. तू कशाशिवाय राहू शकतेस ते आधी ठरव."

मी मध्येच विचारलं, "म्हणजे एकूण शिक्षण किती वर्षं हो मॅडम?"

"पस्तिशीपर्यंत धरा."

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे वाळूजला कंपनीत आहेत, बोलणं कमी. मी म्हटलं, "पस्तिशीपर्यंत शिकत राहणार म्हणे. लग्न कधी, घर कधी? कधी संपायचं हे?"

हे बूट काढत म्हणाले, "मी सव्वीस वर्षं कंपनीत आहे. मला विचारलं का कधी, कधी संपायचं म्हणून?"

दोन्ही एकत्र देणाऱ्या जागेसाठी तिनं परीक्षा दिली, मुलाखतही दिली. निवडीत नाव आलं नाही. दोन दिवस खोलीचं दार लावून होती. तिसऱ्या दिवशी एक वही घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "ठीक आहे. आता लांबचा रस्ता. पण रस्ता मी बघून घेणार."

एमडीच्या प्रवेश परीक्षेत तिचा नंबर चांगला आला. तेवढ्यात सरकारी बंधपत्राची, म्हणजे बाँडची, नोकरी लागली, सिल्लोडच्या पुढच्या एका आरोग्य केंद्रावर. तिथून ती रोज संध्याकाळी फोन लावत बसायची. वेगवेगळ्या कॉलेजांतल्या, तिच्यापेक्षा पुढं असलेल्या मुलामुलींना. हॉस्टेल कसं, मेस कशी, असलं काही विचारायची नाही. प्रत्येकाला एकच विचारायची, "तुमच्या प्रबंधाचा विषय कुणी निवडला?" उत्तर वहीत लिहायची. मला ते फार विचित्र वाटायचं. जेवणाचं विचारायचं सोडून हे काय?

आता माझ्या भावाबद्दल सांगते, कारण पुढची भानगड त्याच्याशिवाय झाली नसती. भाऊ माझ्याहून धाकटा. करमाडला त्याचा दवाखाना आहे. होमिओपॅथीचा डॉक्टर, हाताला गुण आहे, कंपन्यांतले कामगार रांग लावतात. आमच्या घरात डॉक्टर म्हणून पहिल्यांदा जी पाटी लागली ती त्याची. लेकीला अकरावीत जीवशास्त्र त्यानंच शिकवलं, रोज करमाडहून मोटारसायकलवर येऊन. दवाखान्यावर त्यानं वरचा मजला चढवला तो भाचीसाठी. तिनं त्वचारोगाची पदवी घ्यावी, तीही इथल्याच कॉलेजात, आणि वर बसावं, हे त्याचं ठरलेलं. लेझरचं मशीनसुद्धा त्यानं बघून ठेवलं होतं.

पसंतीक्रम भरायचे दिवस आले. पोर्टलवर लॉगिन करायचं तर ओटीपी माझ्या मोबाइलवर येणार, कारण आमच्या घरातल्या सगळ्या फॉर्मांवर नंबर माझाच. तिकडं केंद्रावर नेट आलं तर आलं, भरवसा नव्हता. लेकीनं कागदावर यादी लिहून त्याचे फोटो पाठवले आणि फोनवर सांगितलं, "मम्मी, तू फक्त टाइप कर. तिसऱ्यापासून खाली जसं लिहिलंय तसं टाक. पहिली दोन अजून ठरत नाहीत, उद्या सांगते. लॉक करू नको." आणि फोन तुटला.

संध्याकाळी मी कॉम्प्युटर उघडून बसले. भाऊ दवाखाना बंद करून आला होता. मी यादी बघितली आणि मला वाटलं, पोरीला झोप पुरत नसणार. पहिल्या दोघांच्या पुढं प्रश्नचिन्हं. एक होतं दक्षिणेतलं, रेल्वेनं दीड दिवस लागेल असं, विषय मेडिसिन, म्हणजे वॉर्ड आणि पेशंट. दुसरं एका मोठ्या प्रयोगशाळेचं, विषय सूक्ष्मजीवशास्त्र, म्हणजे पेशंट जवळजवळ नाहीतच. तिसऱ्यापासून तर सगळं उलटंपालटं. नावाजलेली कॉलेजं खाली, कधी नाव न ऐकलेली वर. इथलं त्वचारोग सगळ्यात शेवटी, तेही मामाचं मन राखायला लिहिल्यासारखं.

"हे बघ ताई," भाऊ म्हणाला, "लेकराला आत्ता काय कळतं? तिच्या नंबराला इथलं त्वचा पक्कं भेटतं. लोकं त्या सीटसाठी नवस बोलायलेत."

"तिला नकोय ना ते."

"तिला काय पाहिजे? कागद! आपल्या लोकांना दवाखाना पाहिजे ताई, कागद नको. रोज विचारतेत मला, भाची कधी बसणार म्हणून. काय सांगू? ती दीड दिवसावर जाऊन माठ मोजायलीय म्हणून सांगू?"

मी उठले. चहा केला. चहा पिताना तो हळू आवाजात म्हणाला, "मी शिकलो तेव्हा मला दिशा दाखवणारं कुणी नव्हतं. हिला दाखवायला मी आहे तर तुम्ही ऐकत नाही."

त्याचा तो आवाज मला लागला. मी कॉम्प्युटरपुढं बसले आणि यादी दुरुस्त करायला घेतली. दुरुस्त हाच शब्द माझ्या मनात होता, पोरांच्या वह्या करते तसा. जवळचं वर, लांबचं खाली. नावाजलेलं वर, अनोळखी खाली. थोडक्यात, बसस्टँडपासूनच्या अंतरानं. आणि सगळ्यात वर, पहिल्या नंबरावर, इथलं त्वचारोग. सेव्ह केलं. भाऊ खूश होऊन गेला.

पैठणच्या वेळी मला माहीत नव्हतं की पहिलं टाकलं की तेच मिळतं. या खेपेला चांगलं माहीत होतं. माहीत असून टाकलं. त्याला चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही.

सकाळी चहा घेत मोबाइल बघितला. लेकीनं फोटो दोन पाठवले होते, मी एकच बघितला होता. दुसरा उतरलाच नव्हता, कारण मोबाइल शिक्षकांच्या ग्रुपवरच्या सुप्रभातांनी भरलेला. मी सूर्योदय, गुलाब, वाफाळते कप पुसत सुटले तेव्हा कुठं तो उतरला. प्रत्येक कॉलेजापुढं तिथल्या मुलांनी दिलेलं उत्तर तिनं लिहिलं होतं.

मी अगदी वर चढवलेल्या एका नावाजलेल्या कॉलेजापुढं, "सरांनी दिला. मागच्या वर्षी पण हाच होता." दुसऱ्यापुढं, "आठवत नाही." तिसऱ्यापुढं, "विषय कशाला निवडायचा, शेवटच्या सहा महिन्यांत होऊन जातं." इथल्या त्वचारोगापुढची ओळ कोरी. तिनं तिथं कुणाला विचारलंच नव्हतं. आणि मी तळाला ढकललेल्या अनोळखी कॉलेजापुढं, "मी निवडला. तीनदा बदलला. मॅडमनी बदलू दिला." दक्षिणेतल्या त्या पहिल्यापुढं, "माझा मीच. वर्ष गेलं. लई रडले. पण माझाय."

तो कागद मी ओट्यापाशी उभी राहून दोनदा वाचला. यादी उलटीपालटी नव्हती. मला वाचता येत नव्हती एवढंच.

फोन लावला, लागेना. मेसेज जाईना. पोर्टलवर लाल अक्षरांत लिहिलेलं, आज चार वाजता यादी लॉक होईल, आणि तुम्ही केली नाही तरी जी सेव्ह असेल ती आपोआप लॉक होईल. म्हणजे मी केलेलीच. तिसऱ्यापासून खाली मी परत नीट लावू शकले असते. पण पहिली दोन? ती तिनं मला सांगितलीच नव्हती. अंदाजे टाकायची माझी हिंमत नव्हती.

शाळेत फोन करून रजा सांगितली आणि सिल्लोडची एसटी पकडली. रस्त्याच्या कडेनं लोकांनी मका वाळत घातलेला, ड्रायव्हर त्याच्या मधून वाट काढत हळू चाललेला. मी हातात मोबाइल धरून बसले होते, जणू सोडला तर ओटीपी सांडेल. सिल्लोडहून पुढं काळीपिवळी जीप. केंद्रावर पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. ओपीडीची रांग दारापर्यंत, कापूस वेचणाऱ्या बाया, पोरं, म्हातारी माणसं.

मी सरळ आत शिरायला लागले तर एका बाईनं पदर धरला. "ओ बाई, नंबरानं या. आम्ही काय इथं ऊन खायला बसलोत व्हय?"

"मला डॉक्टरांना भेटायचंय."

"मंग आम्हाला कुणाला भेटायचंय?"

बरोबरच होतं. केसपेपरच्या खिडकीवर गेले. तिथल्या मुलीनं विचारलं, "काय तरास?"

"तरास नाही. मुलीला भेटायचंय."

"मुलीला काय तरास?"

"मुलीला... आईचा तरास आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं, केसपेपरवर 'अशक्तपणा' लिहिलं आणि नंबर दिला. मी रांगेत बसले.

दार उघडंच होतं. आत लेकीपुढं बुरखा मागं सारलेल्या एक वयस्कर खाला बसल्या होत्या. लेक त्यांना औषध कधी घेता हे विचारत नव्हती. घरात बाटली कुठं ठेवता, माठ सावलीत आहे का, पत्रा आहे का स्लॅब, हे विचारत होती. खाला म्हणाल्या, "घडे में रखती ना माँ मैं. पर पानी चार दिन में आता, तो घडा सूखा च रहता."

"किस कोने में है घडा?"

"चूल्हे के बाजू में."

लेक थांबली. मग हसली, आणि खालाही हसल्या, जशा दोघी मिळून एखादी हरवलेली वस्तू शोधत होत्या आणि ती पलंगाखालीच सापडली. लेकीनं एका वहीत काहीतरी लिहिलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी विहारातल्या सत्काराच्या दिवशी बघितलं नव्हतं.

माझा नंबर आला. तिनं मान वर न करता केसपेपर घेतला, नाव वाचलं, आणि झटक्यात उभी राहिली. "मम्मी! काय झालं? पप्पा बरेत ना?"

"पप्पांना काय व्हायचंय? डबा घेऊन ड्युटीला गेलेत."

"मग?"

"मी तुझा फॉर्म बिघडवला."

सगळं सांगितलं. मामाचं, चहाचं, बसस्टँडचं. माहीत असून केलं, हेही सांगितलं. सिस्टर दारात उभी राहून ऐकत होती, मला त्याचं काही वाटलं नाही. लेक परत खुर्चीत बसली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तू माझी बदली करून टाकलीस."

"हो."

"बाहेर अजून बारा पेशंट आहेत. बस."

मी बाहेर जाऊन बसले. बारा पेशंट तिनं घाई न करता बघितले. एकाचीही बाटली, एकाचाही खोकला तिनं उरकला नाही. मी घड्याळ बघत होते आणि प्रत्येक पेशंटला मनातल्या मनात शिव्या देत होते, त्या पदर धरणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त.

सव्वातीनला ती बाहेर आली. "चल वर."

केंद्राच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं उभं राहिलं की नेट येतं, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. टाकीला टेकून तिनं माझा मोबाइल घेतला. ओटीपी यायला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं आम्ही दोघी त्या पडद्याकडं बघत होतो. मग यादी उघडली आणि तिचं बोट सरसर चालायला लागलं, तिसरं, चौथं, पाचवं, सगळी परत आपापल्या जागी. मग ती थांबली.

"पहिली दोन?" मी विचारलं.

"आठ दिवस झाले, ठरत नाहीत. प्रयोगशाळेत गेले तर पहिल्या दिवसापासून संशोधन. वेळ भेटणार, शिकवणारे चांगले. मेडिसिनला गेले तर तीन वर्षं सलाईन आणि ड्युट्या. मॅडम म्हणाल्या ना, कशाशिवाय राहू शकतेस ते ठरव."

"मग?"

"आत्ता त्या खाला बसल्या होत्या. चुलीचं मला सुचलंच नसतं. मी घरी ओट्यावर माठ ठेवले होते मम्मी. चुलीपाशी ठेवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही." तिनं मान हलवली. "मला प्रश्न माणसापुढं बसल्यावर पडतात. वेळ कमी मिळेल. चालेल. माणसाशिवाय नाही राहता यायचं."

तिनं मेडिसिन पहिलं टाकलं. प्रयोगशाळा दुसरी. मग यादीच्या तळाला गेली. इथलं त्वचारोग. तिनं ते काढून टाकलं.

"अगं, शेवटी तरी राहू दे! काहीच नाही मिळालं तर?"

"शेवटी ठेवलं तर ते मिळेल ना?"

"मिळेलच की."

"म्हणून काढलं. काहीच नाही मिळालं तर पुढच्या वर्षी परत परीक्षा देईन."

तिनं लॉक केलं. चार वाजायला अजून अवकाश होता. मग माझा मोबाइल माझ्या हातात ठेवून म्हणाली, "मामाला तू सांग. तू खूश केलंस, तूच सांग."

तिथूनच लावला. भाऊ आधी ओरडला, मग म्हणाला, "ताई, वरचा मजला मी कुणासाठी बांधला?"

मी म्हटलं, "तिच्यासाठी. पण तिला न विचारता. मीपण फॉर्म तसाच भरला. आपल्या दोघांचं एकच झालं." आणि मग मला जे बोलायचं होतं ते बोलले, "आपल्या लोकांना दवाखाना पाहिजे हे खरं. पण वॉर्डातली ती बाई आपल्यातलीच होती ना? तिला सगळे खोटारडी म्हणाले. तिची बाटली बघणारं पण आपलं कुणीतरी पाहिजे. मी आता मधे येणार नाही, आणि तुलाही येऊ देणार नाही."

"मी नाराज हाय म्हणून सांग तिला."

"सांगते. आणि तू वरचा मजला किरायानं देऊन टाक."

त्यानं फोन ठेवला. दोन महिने आमच्याकडं आला नाही.

पहिल्या फेरीत काहीच मिळालं नाही. तळातलं त्वचारोग असतं तर ते मिळालं असतं, हे मला कळत होतं, यांना कळत होतं, आणि भावानं तर ते विहारात सगळ्यांना समजावून सांगितलं. काकांनी मला रस्त्यात गाठून विचारलं, "काय बाई, अर्धीचं पण राहिलं का?" मी म्हटलं, "राहिलं तर राहिलं. पुढल्या वर्षी परत बसेल." हे म्हणताना आवाज मी शाळेत प्रार्थनेला लावते तो लावला. लेक केंद्रावर रोजच्यासारखी ओपीडी करत होती, आणि सुट्टीच्या दिवशी परीक्षेची पुस्तकं पुन्हा पहिल्या पानापासून उघडून बसली होती. दुसऱ्या फेरीत दक्षिणेतलं मेडिसिन लागलं.

आता तिला तिकडं जाऊन सव्वा वर्ष झालं. आठवड्यातून एकदा बोलणं होतं, तेही ती जेवता जेवता. पहिलं वर्षभर तिनं संशोधन हा शब्द काढला नाही. सलाईन, ड्युट्या, तिकडची भाषा, एवढंच. मी विचारायचेही नाही. दिवाळीला भाऊ आला, त्यानं आडून विचारलं, "काय शोधलं मग भाचीनं?" मी म्हटलं, "अजून काही नाही. शिकायलीय." त्यानं पुढं काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "लागतील तेवढी वर्षं शिकू दे."

मागच्या रविवारी फोन आला. तिनं प्रबंधाचा विषय दिला होता, घरात फ्रिज नसलेल्या लोकांच्या इन्सुलिनचाच. कॉलेजच्या समितीनं परत पाठवला. तिसऱ्यांदा.

"काय म्हणाले?"

"प्रश्न चांगलाय, पण मांडणी कच्ची. आधीचं काम नीट वाचलेलं नाही. म्हणाले, वाटलं तर तयार विषय देतो, पुढच्या महिन्यात सुरू करता येईल."

माझ्या तोंडावर आलं होतं, घे ना मग तयार. गिळलं.

"मग काय म्हणालीस?"

"नको म्हणाले. चौथ्यांदा लिहितेय." पलीकडं ताटावर चमचा वाजला. "मम्मी, ठेवू का? दोन तास आहेत हातात, तेवढ्यात एक पान होतं. चांगलं झालं तर पाठवते तुला."

"मला काय कळणार त्यातलं? इंग्रजी तुझं."

"कळलं नाही तिथं पेन्सिलनं खूण कर. दुरुस्त करू नको."

"नाही करत," मी म्हटलं. "ठेव. लिही."